भास तोच, कारण वेगळं

उन्हाळा आला की क्युपर्टिनोच्या मेमोरियल पार्कमध्ये संध्याकाळी मराठी कानावर पडू लागतं. भारतातून आलेले आई-बाबा फेऱ्या मारत असतात. समजा, अशाच एका घरातली आई पाचव्या दिवशी संध्याकाळी विचारते, "मागच्या अंगणात त्या बायका कोण बसल्यात रे?" अंगणात कोणीच नाही. सकाळी ती अगदी ठीक असते, रात्री पुन्हा तेच.

आता दुसरं घर. २० वर्षांचा मुलगा. गेल्या आठ महिन्यांत मित्र तुटले, अभ्यास सुटला. आता तो म्हणतो, शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात, त्यांचे आवाज मला ऐकू येतात.

पहिल्या घरात 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात, दुसऱ्या घरात 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणून. डॉक्टर मात्र दोन्हीकडे एकच शब्द वापरू शकतात: सायकोसिस. म्हणजे नसलेलं दिसणं-ऐकू येणं, किंवा पुरावा नसताना एखादी गोष्ट ठामपणे खरी वाटणं. पण सायकोसिस हे तापासारखं आहे. ताप हा आजार नव्हे, आजाराची खूण. मलेरियाचा ताप वेगळा, टायफॉइडचा वेगळा, आणि औषधही वेगळं.

मग कारण ओळखायचं कसं? पहिला प्रश्न: हे किती दिवसांत झालं? तासा-दिवसांत सुरू झालं, दिवसभरात कमी-जास्त होतंय आणि लक्ष टिकत नाहीये, तर संशय डिलिरियमचा. यात बिघाड बहुधा शरीरात असतो: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, किंवा एखादं औषध. जेटलॅगमुळे झोप येत नाही म्हणून आपणच आईला दुकानातली 'पीएम' गोळी देतो. तिच्यात बहुधा डायफेनहायड्रामीन असतं, आणि उतारवयात तेवढ्यानेही भास होऊ शकतात.

डिलिरियम तपासायला डॉक्टर वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगतात. आईला ते इंग्रजीत जमलं नाही, तर दोष लक्षाचा की भाषेचा? म्हणून दुभाषी मागा. इथल्या बहुतेक रुग्णालयांत तो मोफत मिळतो.

मुलाच्या बाबतीत शुद्ध, लक्ष, दिवस-वार सगळं जागेवर आहे, पण बदल महिनोन् महिने साचत आलाय. इथे स्किझोफ्रेनियाचा विचार होतो. तरीही निदानासाठी किमान सहा महिन्यांची लक्षणं लागतात, आणि त्याआधी इतर कारणं वगळावी लागतात. भास फक्त तीव्र नैराश्याच्या किंवा उन्मादाच्या काळातच होतात का? गांजा चालू आहे का? थायरॉईड, बी-१२ ठीक आहे का? शाकाहारी माणसांत, विशेषतः बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ ची कमतरता सहज सापडते.

घाईने लेबल चिकटवण्याची एक गाजलेली गोष्ट आपल्या शेजारच्या स्टॅनफर्डची आहे. तिथल्या डेव्हिड रोझेनहान यांनी १९७३ साली लिहिलं की आठ निरोगी माणसं 'आवाज येतात' एवढंच सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली, आणि जवळजवळ सगळ्यांना स्किझोफ्रेनिया ठरवलं गेलं. २०१९ साली सुझॅना कॅहलन या पत्रकार बाईंनी पुस्तक लिहून या प्रयोगाच्याच खरेपणावर गंभीर प्रश्न उभे केले.

कॅहलन यांना या विषयात रस असण्याचं कारण त्यांचं स्वतःचं आजारपण. २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना भास आणि संशयाने घेरलं. डॉ. सुहेल नज्जार यांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूला सूज होती. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली होती. या आजारामागची प्रतिपिंडं त्याआधी दोनच वर्षं, २००७ साली, जोसेप डालमाऊ यांच्या गटाने शोधली होती. उपचार झाले आणि त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. भासांसोबत ताप, फिट्स किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर हा आजार आठवायला हवा.

अर्थात प्रत्येक भासामागे असा दुर्मिळ आजार नसतो. आणि स्किझोफ्रेनियाच निघाला, तरी उपचार जितके लवकर, तितका फायदा जास्त.

डॉक्टरांना सगळ्यात मोठी मदत घरच्यांची होते. कधी सुरू झालं, केव्हा वाढतं, हे लिहून न्या. भारतातून आणलेल्या गोळ्यांची, आयुर्वेदिक पुड्यांसकट, अख्खी पिशवी न्या. लाज वाटली तरी काहीही लपवू नका. आणि जिवाला धोका वाटला, तर थेट ९११ किंवा ९८८ लावा.

आईच्या अंगणातल्या त्या बायका कदाचित एका गोळीबरोबर निघूनही जातील. पण ते आधी कोणीतरी विचारायला हवं.