वाडा, तंबू आणि धरणाचं पाणी

दिवाळीच्या आगेमागे आळेफाटा ते आणे घाट या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला मेंढरांसाठी थांबावंच लागतं. पुढे घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर एखादं पोर नाहीतर कोकरू, मधे रस्ताभर पसरलेली मेंढरं आणि कडेकडेनं, कुणी न सांगता आपली जागा धरून चालणारी कुत्री. पारनेर तालुक्यातल्या कोरड्या माळावरचे मेंढपाळ पावसाळा सरला की पश्चिमेला निघतात. कुणी जुन्नरच्या बागायतीत थांबतात, कुणी माळशेज उतरून कल्याण-मुरबाडकडे जातात. जूनच्या तोंडावर माघारी फिरतात. यातली कितीतरी जोडपी साठीच्या पुढची असतात. पालाखाली झोपतात, तीन दगडांवर भाकरी थापतात, आणि कुत्रं त्यांच्या पायाशी असतं.

याच रस्त्यानं आता दुसरीही जोडपी येऊ लागली आहेत. नोकरीतून मोकळी झालेली, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, गाडीच्या डिकीत तंबू, टपावर कयाक आणि मागच्या सीटवर कुत्रं. पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर-आंबेगावात एकमेकांपासून फार लांब नाहीत. २०१८ साली राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं. निवृत्तीनंतर चार पैसे आणि भरपूर वेळ हाताशी असलेल्या माणसानं असं फिरावं, मनापासून फिरावं, या मताचा मी आहे. आम्ही दोघं आणि आमचं कुत्रं या भागात मुक्काम करत आलो आहोत. पण इथे कुत्रं घेऊन उघड्यावर राहायचं तर आधी वाड्यावरच्या, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावरच्या, माणसांकडून काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. जंगलखात्याच्या फलकावर त्या सगळ्या मिळत नाहीत.

सुरुवात बेल्ह्यापासून करावी. कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव, आणि इथूनच जेजुरीचा रस्ता फुटतो. सोमवारचा बाजार आणि त्यातला बैलबाजार ही बेल्ह्याची ओळख. मुक्कामाला लागणारं निम्मं सामान शहरातल्या महागड्या दुकानापेक्षा इथे चांगलं मिळतं. सुती कासरा हाताला कापत नाही आणि कुत्र्यानं ओढला तरी तुटत नाही. घुंगरू घ्यावं, अंधारात कुत्रं कुठे आहे ते कळतं. बाजरी, कांदा, लसूण, ताडपत्री, कंदील सगळं एका फेरीत होतं. बाजार आटोपून पूर्वेला आणे घाटाकडे गेलं की गुळुंचवाडीला मळगंगेच्या देवळाजवळ ओढ्यावर निसर्गानंच बांधलेला दगडी पूल बघायला मिळतो. पाण्यानं कातळ खालून पोखरत नेला आणि वरची कमान तशीच राहिली. कुत्र्याला घेऊन बिनघोर हिंडता येईल अशा जागांपैकी ही एक, फक्त भर दुपारी जावं.

बेल्ह्याच्या शिवारात कांद्याच्या मोकळ्या रानात वाडा बसलेला असतो. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतो, कारण रात्रभर पडणारं लेंडीखत आणि मूत रानाला लागतं. त्याच्या बदल्यात धनगराला धान्य किंवा रोख मिळतं. हा व्यवहार शेकडो वर्षांचा. अशाच एका वाड्यावर आम्ही संध्याकाळी जाऊन बसलो. म्हातारबाबा वाघूर लावत होते. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती उभं करायचं दोरीचं जाळं. एकेक खुंटी ते पायानं दाबून बघत, मग जाळ्याचा खालचा काठ मातीला टेकतो की नाही ते हात फिरवून तपासत. आजी चुलीशी होत्या. पहिली भाकरी उतरली ती मोडून कुत्र्यांपुढे गेली, माणसांची नंतर. आमचं कुत्रं कासऱ्याला धरलेलं. बाबांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "रात्री कुठं बांधता याला?" तंबूच्या दाराशी, असं म्हटल्यावर त्यांनी खुंटी सोडली आणि उभे राहिले.

"दाराशी नको, गुरुजी. आत घ्या. वाघ आधी कुत्र्यालाच येतो. माणूस जागा व्हायच्या आत घेऊन जातो."

इथला वाघ म्हणजे बिबट्या. बाबांनी अनुभवातून सांगितलेली ही गोष्ट शास्त्रज्ञांनीही मोजून ठेवली आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात, म्हणजे अशाच ऊसपट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळी, वासरू हे सगळं त्याच्या मागे. आपण लाडानं ज्याला सहलीला आणतो, तोच इथल्या बिबट्याचा रोजचा घास आहे.

बिबट्याला दोष देऊन मात्र काही साधत नाही. धरणं झाली, कालवे आले, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला आणि उसानं बिबट्याला वर्षभराचा आडोसा दिला. माद्या उसातच वितात. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, २००१ च्या सुमाराला मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. अत्रेय यांच्याच आणखी एका अभ्यासानं दाखवून दिलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. ओळखीच्या मुलखातून उपटून अनोळखी जागी टाकलेलं जनावर जास्त धोक्याचं होतं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. २००७ पासून वनखात्याच्या जोडीनं वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवते. या भागात फिरणाऱ्यानं इथला बिबट्या समजून घेतल्याशिवाय तंबू ठोकू नये असं मला कळकळीनं वाटतं.

आणि अडचण अशी, की तंबूचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. नोव्हेंबरपासून कोयता चालू होतो, फड मोकळे होतात, आणि त्यातले बिबटे पिल्लांसह दुसरा आडोसा शोधत हिंडतात. म्हणून मुक्कामाची जागा उसापासून लांब, उघड्या माळावर, शक्यतो वस्तीला लागून असावी. तोडणी चालू असलेल्या फडाच्या बाजूला तर नकोच. दिवेलागणीनंतर कुत्र्याला फिरवायला न्यायचं नाही. त्याचं जे काही उरकायचं ते उजेडात. रात्री ते तंबूच्या आत, आपल्या दोघांच्या मधे. तंबूपेक्षा गाडी बरी, गाडीपेक्षा शेतकऱ्याच्या ओसरीतली दार लागणारी खोली बरी. खरकटं आणि कोंबडीची हाडं उघड्यावर टाकली की गावातली भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. बिबट्या दिसलाच तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फुकट लागतो. धनगराची कुत्री बाहेर झोपतात हे खरं, पण ती राखणीला असतात, चार-पाच मिळून असतात, आणि त्यांतलं एखादं जातंही. त्या जोखमीवर धनगराचं पोट आहे. आपल्या कुत्र्यावर ती वेळ आणायचं काही कारण नाही.

आता पाणी. धरणं बघायला जाणाऱ्याला ती तळ्यासारखी स्थिर वाटतात, पण ही सिंचनाची धरणं आहेत आणि त्यांचं घड्याळ कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीवर, चालतं. येडगाव हे मधलं धरण. माणिकडोह, वडज आणि कालव्यानं डिंभ्याचं पाणी त्यात येतं आणि तिथून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. आवर्तन सुटलं की काठ मागे सरकतो आणि मधे गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो, पाय दिला की गुडघ्यापर्यंत जातो. कुत्रं त्यात उडी घेतं आणि अडकतं. जिथे गाळ चांगला वाळतो तिथे लोक गाळपेर करतात, हरभरा नाहीतर गहू टाकतात. ती मोकळी जागा समजून तिथे गाडी घालू नये, ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य असतं. आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे खात्याच्या चौकीवर नाहीतर गावातल्या चहाच्या टपरीवर विचारावं. टपरीवरची बातमी बहुतेक वेळा आधीची असते.

वल्हवायला सगळ्यात देखणं पाणी पिंपळगाव जोग्याचं. माळशेज घाटाच्या माथ्याजवळ, पलीकडच्या काठाला खिरेश्वर, वर हरिश्चंद्रगडाची भिंत. माणिकडोहात चावंड आणि हडसर दोन्ही किल्ले पाण्यातून दिसतात. डिंभ्याचं पाणी मात्र मी वेगळ्या मनानं बघतो. जुनं आंबेगाव त्याच्या पोटात आहे. महादेव कोळ्यांची गावं उठली, जमिनी गेल्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर या जोडप्यानं त्या लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या शाश्वत संस्थेच्या मदतीनं धरणग्रस्तांनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, आणि २०१२ मध्ये शाश्वतला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपण हौसेनं वल्हवतो त्या पाण्यावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारा माणूस पोट भरत असतो. त्याची जाळी पाण्यात कुठे आहेत ते त्यालाच विचारावं. तो दाखवतो, शिवाय बुडालेली झाडं कुठे आहेत तेही सांगतो. पाणी उतरल्यावर ती झाडं कयाकच्या बुडाला लागतात.

कुत्र्याला कयाकमध्ये बसवायचं तर उघड्या बैठकीची, दोघांची, रुंद कयाक घ्यावी. आत बसायच्या निमुळत्या कयाकमध्ये कुत्रं बिथरलं तर सगळेच पाण्यात. पहिले काही दिवस कयाक अंगणातच ठेवावी. कुत्र्यानं तिच्यावर चढावं, बसावं, तिथेच खाऊ खावा. बैठकीवर रबरी चटई हवी, नाहीतर नखं घसरतात आणि ते घाबरून उभं राहतं. कुत्र्याचं लाइफ जॅकेट पाठीवर मूठ असलेलं घ्यावं. पडलं तर त्या मुठीला धरून एका हातानं वर घेता येतं. कासरा कयाकला कधीही बांधू नये. कयाक उलटली तर बांधलेलं कुत्रं खाली अडकतं. जड माणूस मागे, हलका पुढे, कुत्रं पुढच्या माणसाच्या पायांत. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, म्हणजे परतताना दमलेल्या हातांना वारा ढकलतो. दुपारनंतर या खोऱ्यांत वारा उठतो, तेव्हा सकाळी दहापर्यंत काठाला लागलेलं बरं. साठीनंतर खांदा पूर्वीसारखा राहत नाही, त्यामुळे काठ धरूनच वल्हवावं. धरण आडवं ओलांडायचा मोह टाळावा. भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ जायला मनाई असते. ती मोडणाऱ्याची मला चीड येते, कारण त्याला बाहेर काढायला पाण्यात उतरणारा पोरगा त्याच काठच्या गावातला असतो.

भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांत मात्र कुत्रं न्यायचं नाही. नियम कडक वाटतो, पण त्यामागे रोग आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कुत्र्यांचा डिस्टेंपर सिंहांना लागला आणि सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांनाही त्याच रोगानं गाठलं. तेव्हा लसी पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला घराबाहेरच्या मुक्कामाला नेऊच नये, आणि रेबीजची लस तर नुसत्या लाडापायीही लांबवू नये. मेंढरांच्या बसक्या रानात गोचिडी असतात, त्यामुळे रोज संध्याकाळी कान आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. माणसाला साप चावला तर घाबरून पुण्याकडे धावू नये; नारायणगाव सर्पदंशाच्या उपचारांसाठी ओळखलं जातं आणि ते जवळ आहे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेली आपली मंडळी तिथल्या स्टेट पार्कचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. जागा आधीच राखून ठेवता येते, चूल पेटवायला लोखंडी कडं असतं, पाणी आणि संडास असतो. कॅलिफोर्नियात कुत्र्याची दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही आणि रात्री त्याला तंबूत किंवा बंद गाडीतच ठेवावं लागतं. तिकडच्या सरकारचा आणि बेल्ह्याच्या शिवारातल्या म्हातारबाबांचा नियम एकच आहे.

मेंढपाळांच्या पालांखालच्या आयुष्याची ओढ एका जर्मन अभ्यासकालाही लागली होती. गुंथर सोन्थायमर. त्यांनी धनगरांच्या वाड्यांवर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवर आयुष्यभर काम केलं. खंडोबा बाणाईसाठी धनगराकडे चाकरीला राहिला, तिच्याबरोबर मेंढरं राखली, आणि त्याच्या मूर्तीपाशी कुत्रं असतंच. जेजुरीला वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो. नवरा, बायको, कुत्रं आणि मोकळा माळ, हे चित्र या मुलखाला अजिबात नवं नाही.

आता जुन्नरला खऱ्या अर्थानं पर्यटन तालुका करायचं तर प्रत्येक धरणाच्या काठी एक आखून दिलेली मुक्कामाची जागा हवी. तिला पक्कं कुंपण, दिवा आणि संडास, कुत्र्यासाठी छत आणि जाळी असलेली बंद खोली, आणि दारावर आवर्तनाच्या तारखा लिहिलेला फळा. ती चालवायला धरणात जमीन गेलेल्या घरातलीच माणसं असावीत, भाडं त्यांच्या हातात पडावं. काठावर मेंढरं घेऊन आलेल्या वाड्यालाही त्या कुंपणाच्या आडोशाला एक रात्र बसू द्यावं. त्यांच्याकडून भाडं घेऊ नये, सकाळी लेंडीखत मागच्या वाफ्यात टाकून घ्यावं.