सागराच्या दोन तीरांवर

जोयडा तालुक्याच्या रानात राहणाऱ्या सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेचे. त्यांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. ज्या हिंदी महासागरातून ते आले, त्याच महासागरातील मॉरिशस बेटावर पुढे कोकणचा माणूस गेला, आणि तोही गुलामांच्याच जागी.

डच, फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज असे तीन धनी या बेटाने पाहिले. मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेले गुलाम तेथील मळ्यांवर राबत. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. नुकसानभरपाईचे वीस लक्षांहून अधिक पौंड मालकांना मिळाले. गुलामांच्या हाती काहीच आले नाही.

मग उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. करार पाच वर्षांचा, वेतन दरमहा पाच रुपये. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कायद्याच्या दृष्टीने हा मजूर मुक्त होता; परंतु कराराची मुदत संपेपर्यंत मळा सोडण्याची त्याला मुभा नव्हती.

मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाले. तेथील मराठी वंशाच्या घरांत आज बहुधा क्रेओल बोलतात. तथापि गणेशचतुर्थीला साऱ्या राष्ट्राला सुट्टी असते. इकडे सिद्दींच्या मुखी कोकणी, मराठी व कन्नड आहे. त्यांना परके म्हणणाऱ्याने समुद्रापलीकडे गेलेल्या आपल्या माणसांचे स्मरण ठेवावे.