सही सगळ्यात शेवटी

माँमार्त्रची चढणीची गल्ली. दोन्ही बाजूंना ओल खाल्लेल्या पांढुरक्या भिंती, टोकाशी साक्रे-कर चर्चचा घुमट, आणि खालच्या कोपऱ्यात सही: मोरिस उत्रिलो, व्ही. असं एखादं चित्र सोनेरी फ्रेमसकट पॅरिसच्या लिलावगृहात तपासणीला येतं, तेव्हा मालकाचं बोट आधी सहीकडे जातं. जाणता पारखी चित्र पालथं घालतो आणि फ्रेम उतरवतो.

उत्रिलोच्या चित्रांना ही सावधगिरी फारच लागते, कारण विसाव्या शतकात ज्यांच्या नावावर सर्रास बनावट चित्रं खपवली गेली, त्यांत त्याचं नाव वरचं आहे. १८८३ साली माँमार्त्रमध्ये जन्मलेला हा मुलगा सुझान वालादोंचा. ती रेन्वार आणि तुलूझ-लोत्रेकची मॉडेल होती, पुढे स्वतःच्या हिमतीवर चित्रकार झाली. सहीतला ‘व्ही’ तिच्या आडनावाचा. पोरवयातच दारू लागलेल्या मुलाचं मन रमावं म्हणून तिनेच त्याच्या हाती ब्रश दिला. त्याने त्याच त्या गल्ल्या पुन्हापुन्हा रंगवल्या, आणि पुष्कळदा त्या समोर बसून नव्हे, तर छापील पोस्टकार्डं पाहून. सुरुवातीची कित्येक चित्रं गुत्त्यांत नि छोट्या दुकानदारांकडे किरकोळ पैशांत गेली. त्यांच्या पावत्या कोण ठेवणार? शिवाय पोस्टकार्ड जसं उत्रिलोला मिळालं, तसंच ते नकलाकारालाही मिळतं. त्यामुळे विषय आणि मांडणी जुळली, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून पाठ पाहायची. जुना कॅनव्हास मागून तपकिरी पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. ज्या लाकडी चौकटीवर तो ताणलेला असतो, तिच्या पट्ट्यांआड हवा आणि धूळ कमी पोचते, तिथे कापड उजळ राहतं. चहाच्या पाण्याने म्हातारं केलेलं कापड सगळीकडे एकसारखं दिसतं. खिळ्यांभोवती गंजाची वर्तुळं हवीत. एकाच भोकात खिळा आहे, की शेजारी रिकामी भोकं आहेत, हेही बघायचं, कारण दुसऱ्याच चित्राचं जुनं कापड खरवडून वापरलेलं असू शकतं. उत्रिलोने पुठ्ठ्यावरही भरपूर काम केलं. तिथे कडांचा रंग, कोपऱ्यांची झीज आणि फ्रेमच्या खाचेने उमटवलेली रेघ बोलते. फ्रेम मात्र साक्षीला फारशी उपयोगाची नाही. जुनी फ्रेम विकत मिळते.

मग चित्र सुलटं करून दिवा अगदी बाजूला, आडवा धरायचा. साधारण १९१० ते १९१४ हा उत्रिलोचा ‘पांढरा काळ’, आणि बाजारात सर्वाधिक मोल याच चित्रांना. झिंक व्हाइटमध्ये तो प्लास्टर, सरस, वाळू मिसळायचा. आडव्या उजेडात त्याची भिंत गिलाव्यासारखी खडबडीत उठून येते. माझ्या मते हा पांढरा रंग सहीपेक्षा खूप अवघड आहे. सही दहा वेळा गिरवून जमते, भिंतीचा हा जडपणा जमत नाही. पुढच्या वर्षांतली त्याची चित्रं रंगीत होत गेली, रेषा पट्टीने ओढल्यासारख्या झाल्या आणि रस्त्यात रुंद कमरेच्या पाठमोऱ्या बायका दिसू लागल्या. अशा बायका असलेल्या चित्रावर १९१० साल टाकलेलं असेल, तर तिथेच थांबून विचार करावा.

अतिनील दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर मागाहून केलेली सही काळी उठते. रंगाचा कण प्रयोगशाळेत पाठवला की टायटॅनियम व्हाइटचा प्रश्न येतो. हा रंग पहिल्या महायुद्धानंतर चित्रकारांच्या हाती आला. जर्मन नकलाकार वोल्फगांग बेल्ट्राक्की या रंगामुळेच पकडला गेला. हाइन्रिख काम्पेनडोंकचं १९१४चं म्हणून त्याने बनवलेलं चित्र २००६ साली कोलोनच्या लिलावात २८ लाख युरोंच्या वर गेलं होतं. पाठीवर आल्फ्रेड फ्लेख्टहाइम या नामवंत विक्रेत्याच्या संग्रहाची चिठ्ठीही डकवलेली होती, तीही बनावट. पाठसुद्धा खोटं बोलू शकते, ती अशी. रंगात टायटॅनियम निघालं आणि २०११मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. मात्र कण मूळ थरातूनच घ्यायला हवा. नंतरच्या डागडुजीतल्या टायटॅनियममुळे अस्सल चित्रही नाहक बाद होईल.

यानंतर कागदपत्रं. उत्रिलोचा विक्रेता पॉल पेत्रिदेस याने त्याच्या कामाची पाच खंडांची सूची काढली. तिच्यात चित्र सापडलं तरी मापं, आधार आणि सहीची जागा ताडून पाहावीच लागते.

निकाल कुठल्या शब्दांत लिहायचा, हे फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१च्या सरकारी आदेशाने बांधून दिलेलं आहे. चित्र उत्रिलोच्या ‘नावे मानलेलं’ म्हटलं, तर ते त्याच्या काळातलं आहे आणि तोच कर्ता असण्याला भक्कम आधार आहेत, एवढी हमी विक्रेत्यावर येते. ‘धाटणीचं’ लिहिलं, तर कसलीच हमी नाही. किंमत या शब्दांवरून ठरते, आणि तीही एकच नसते: लिलावात काय येईल तो आकडा वेगळा, चित्र गमावल्यास तसंच दुसरं घ्यायला विम्याने काय द्यावं तो वेगळा आणि बहुधा मोठा. चांगल्या अहवालात दोन्ही आकडे स्वतंत्र लिहिलेले असतात, आणि त्यांच्याआधी फ्रेम काढून घेतलेले पाठीचे व चारही कडांचे फोटो जोडलेले असतात.