पाणी आकाशाला, मीठ भुईला

बुलढाण्याहून मोताळ्याकडे जाणारा रस्ता राजूर घाटात उतरू लागला की अजिंठ्याची डोंगररांग सुटते आणि समोर पूर्णेचं खोरं उघडतं. सपाट, काळं, झाडं मोजून घ्यावीत इतकी विरळ. पाऊस पडून हवा स्वच्छ झाली असेल तर पार पलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. दोन डोंगरांच्या मधला सगळा ऐवज आकाशाचाच आहे. चैत्र-वैशाखात पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, वखरणी झालेली वावरं उघडी पडलेली असतात आणि धुऱ्यावरचं एखादं हिवराचं किंवा बाभळीचं झाड मैलभरावरूनही ओळखू येतं. वावटळ उठली तर ती कुठे जन्मली, किती चालली आणि कुठे विरली हे एका जागी उभं राहून पाहता येतं.

या प्रदेशासाठी ‘भकास’ हा शब्द सर्रास वापरला जातो. शेगावला दर्शन, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, लोणारचं सरोवर, आणि मधला सगळा मुलूख गाडीची काच वर करून ओलांडायचा, अशी प्रवासाची रीत पडली आहे. ही रीत अन्यायाची आहे. बुलढाण्याचं खरं सौंदर्य त्या ओलांडून टाकलेल्या मोकळ्या मुलखातच आहे. ते कसं घडलं हे शोधू लागलं की गोष्ट मिठापाशी येते, आणि मिठावरून थेट उल्केपाशी.

जिल्ह्याचे दोन भाग इथल्या माणसाच्या तोंडी कायम असतात: घाटावर आणि घाटाखाली. सोयरीक जुळवतानाही हे विचारलं जातं. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने 1870 मध्ये वऱ्हाडाचं गॅझेटियर सिद्ध केलं, त्यातही बालाघाट आणि पाईनघाट ही विभागणी आहेच. लायल पुढे कवी म्हणूनही नावारूपाला आला. पण गॅझेटियरची नजर शेवटी महसुलाची असते. कापूस उभा असेल तेव्हा जमीन सुंदर, कापूस निघाला की उजाड. हीच नजर पुढे आपल्याही डोळ्यांत उतरली.

पावसाचा हिशेब पाहिला तर इथे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. वाळवंट म्हणावं इतका तो कमी नाही. पण तो थोड्याच दिवसांत कोसळून जातो, आणि उरलेल्या वर्षात ऊन आणि वारा मिळून त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी उडवून नेऊ शकतात. निमशुष्क हवामान म्हणतात ते याला. आकाश देतं त्यापेक्षा जास्त मागतं. आणि पाणी वर जातं तेव्हा ते एकटंच जातं. त्यात विरघळलेलं मीठ भुईवरच राहतं. घाटाखालच्या खारपाणपट्ट्याचा आणि घाटावरच्या लोणारचा खारेपणा याच व्यवहारातून घडला.

खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरवर पसरला आहे. बुलढाण्यातली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली बरीच गावं त्यात येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली, त्या खोलगट भागात नद्यांनी शेकडो मीटर गाळ आणून भरला आणि त्या गाळातल्या पाण्याला निचरा मिळाला नाही. इथे पूर्वी समुद्र होता, असं गावोगाव ऐकायला मिळतं. गाळ मात्र नदीचा आहे. काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेले क्षार, चिकण मातीत अडकलेलं पाणी आणि आजच्याहून कोरड्या काळातलं बाष्पीभवन, या दिशेने अभ्यासकांचा कौल झुकतो. डोंगराला लागून असलेल्या गावात विहिरीचं पाणी गोड आणि काही कोसांवरच्या गावात तोंडात धरवत नाही, याचं कारण हेच. उन्हाळ्यात चोपण जमिनीवर पांढरा थर चढतो. दुपारच्या उन्हात तो डोळे दिपवतो, आणि संध्याकाळी मात्र वरच्या आभाळाचा रंग घेतो.

याच मिठाने एकदा इतिहास घडवला आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. 1930 मध्ये गांधीजी दांडीला निघाले तेव्हा वऱ्हाडापुढे साधी अडचण होती: समुद्र कुठून आणायचा? विदर्भात पुढे जंगल सत्याग्रह झाला. त्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून कायदा मोडला, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण त्याआधी वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी मिठाचाच कायदा मोडला होता. अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा हे गाव याच खारपाणपट्ट्यात आहे. तिथल्या खाऱ्या विहिरींतून पूर्वी मीठ काढलं जाई. इंग्रजांच्या मीठ-मक्तेदारीने ते बंद पाडलं होतं. सत्याग्रहींनी त्या विहिरीचं पाणी आटवलं आणि शेकडो मैल समुद्र नसलेल्या मुलखात मीठ तयार केलं. ज्या पाण्याला पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली, त्याच पाण्याने तेव्हा लाज राखली. दहीहांड्याच्या त्या विहिरींना दांडीच्या शेजारी जागा मिळायला हवी होती.

खाऱ्या पाण्यावर ओलीत होत नाही. दिलं तर जमीन आणखी चोपण होते. म्हणून इथली शेती पावसावर आणि काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर चालते. हरभरा त्या ओलीवरच पिकतो. जिथे विहिरीचा आधार नाही तिथे माणूस आभाळाकडेच पाहणार. भेंडवळची घटमांडणी याच पट्ट्यात, जळगाव जामोद तालुक्यात, रुजली हा योगायोग वाटत नाही.

अक्षय तृतीयेला सूर्य कलताना गावाबाहेरच्या शेतात घट आखतात. गोलाकार ज्वारी, तूर, मूग, उडीद, सरकी, जवस, तीळ अशी अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याची घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी; सोबत पानविडा. पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा म्हणजे राजा. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले जाणते पुढे होतात आणि कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली असं मानलं जातं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे या भाकितावर आक्षेप घेतात आणि तो आक्षेप बरोबर आहे: ढेकळाच्या ओलीवरून जुलैतला पाऊस कळण्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. त्या भरवशावर बियाणं घेऊ नये. तरीही पहाटे त्या वावरात जमलेली शेतकऱ्यांची गर्दी समजून घेण्यासारखी आहे. ज्यांचं सगळं वर्ष वरच्या मोकळ्या निळाईवर अवलंबून आहे, त्यांनी ती निळाई वाचण्यासाठी एक लिपी तयार केली. महाराष्ट्रात आभाळावर इतकी एकाग्र नजर क्वचितच कुठे लागत असेल.

आता घाट चढून लोणारला. सरोवराची ओळख वाचकाला नव्याने करून देण्याची गरज नाही: सुमारे 1.8 किलोमीटर व्यास, काठापासून दीडशे मीटर खोली, तळाशी क्षारांनी भरलेलं हिरवट पाणी. त्यापेक्षा ते कुठून आलं यावरचा वाद जास्त मनोरंजक आहे. तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्यात एक वाळवंट येतं ते थेट अमेरिकेतलं.

वादात पहिली बाजू पुराणाने घेतली. लवणासुर इथे भुईखालच्या बिळात राही, विष्णूने झाकण उडवून त्याला मारलं, पाणी हे त्याचं रक्त आणि मीठ त्याचं मांस. लोणारमधलं दैत्यसूदन विष्णूचं कोरीव मंदिर त्या विजयाचं. म्हणजे पुराणाचा कौल पाताळाकडे. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीने उगमाच्या भानगडीत न पडता कामाची गोष्ट नोंदवली: या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, आणि खाऱ्या पाण्याच्या जागी गोडं पाणीही आहे. ते आजही खरं आहे. काठावरच्या धार आणि सीतान्हाणी या झऱ्यांचं पाणी गोड, आणि ते उतरून जिथे जातं ते सरोवर अल्कधर्मी. वाहून जायला वाट नसलेल्या त्या बशीतून पाणी फक्त वरच जाऊ शकतं.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद घेतली आणि मग भूशास्त्रज्ञ आले. सगळा दख्खन लाव्ह्याचा, त्यात गोल खड्डा; तेव्हा हा ज्वालामुखीच, असं बहुतेकांनी मानलं. अडचण एवढीच की विवरातून बाहेर पडलेला नवा लाव्हा कुठेच सापडेना. दख्खनचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि खड्डा त्यांच्या मानाने अगदी ताजा. मग वाफेचा स्फोट, वायूंचा स्फोट, जमिनीचं खचणं अशी स्पष्टीकरणं येत गेली. सगळी पाताळाच्याच बाजूची.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट इथे प्रवेश करतो. अमेरिकेचा हा थोर भूशास्त्रज्ञ 1891 मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटी पठारावर एक विवर तपासायला गेला. आजूबाजूला लोखंडी उल्कांचे तुकडे पडलेले होते. विवर उल्केने झालं असेल तर ती आत गाडलेली असणार, चुंबकसुई हलणार, आणि काठावरचा ढिगारा खड्ड्यात मावेल त्याहून जास्त भरणार. त्याने दोन्ही कसोट्या लावल्या. सुई हलली नाही आणि ढिगारा खड्ड्याएवढाच निघाला. गिल्बर्टला आकाशाचा पर्याय मनातून आवडत होता, तरी त्याने पुरावा मानला आणि 1896 च्या निबंधात वाफेच्या स्फोटाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वेळी लोणारचं या विवराशी असलेलं साम्यही त्याने टिपलं. हे साम्य खरं होतं, निकाल चुकला होता. इतक्या वेगाने आदळणारी उल्का स्वतःच बहुतांशी वितळून, उडून जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पृथ्वीच्या दोन टोकांची दोन उघडी माळरानं अशी एकाच निकालात चुकली. तरी गिल्बर्टचा तो निबंध आजही वाचावा. आवडता तर्क पुराव्यापुढे कसा सोडून द्यायचा, याचा तो वस्तुपाठ आहे.

ॲरिझोनाचं कोडं 1960 मध्ये यूजीन शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोडवलं. प्रचंड दाबाखालीच तयार होणारं कोएसाइट हे खनिज त्यांना तिथे सापडलं. त्यानंतर चारच वर्षांत लोणारकडे पुन्हा नजर वळली, आणि ती वळवणारे दोघेही समुद्राचे अभ्यासक होते. यूजीन लाफाँड आंध्र विद्यापीठात सागरविज्ञान शिकवून गेलेला, रॉबर्ट डिएट्झ सागरतळाच्या विस्ताराच्या सिद्धान्तासाठी प्रसिद्ध. लोणार हे उल्काविवर असावं, असं त्यांनी 1964 मध्ये मांडलं. 1973 मध्ये स्मिथसोनियनच्या कर्ट फ्रेड्रिक्सन यांनी भारतीय सहकाऱ्यांसह ‘सायन्स’मध्ये निर्णायक पुरावा दिला. तळाशी छिद्रं पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं होतं. फेल्डस्पार हे खनिज न वितळताच आघाताने काचेसारखं होतं, ते हे. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला 1872 मध्ये, आणि तोही बिहारमधल्या शेरघाटी इथे 1865 साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मुळात मंगळावरून आलेली, हे पुढे कळलं. लोणारचा कौल शेवटी आकाशाकडे गेला. बेसाल्ट खडकात इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने चंद्र-मंगळाचे अभ्यासकही तेव्हापासून इथे येतात.

वयाचा वाद मात्र चालूच आहे. एका पद्धतीने 52 हजार वर्षं, आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने पाच लाखांहून अधिक. दुसरा आकडा जास्त भरवशाचा दिसतो.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीतले लोक भ्रमणध्वनीवर ती छायाचित्रं पाहत होते, आणि लवणासुराच्या रक्ताची आठवण कित्येकांना झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून क्षार वाढले होते आणि त्यात खारप्रेमी हॅलोआर्किया सूक्ष्मजीव फोफावले होते, रंग त्यांचा. नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि पाणी नितळ झालं. त्याच वर्षी लोणारचं नाव रामसर यादीत गेलं.

मात्र त्यानंतर चांगल्या पावसाच्या वर्षांत पातळी चढली, काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आलं. गोडं पाणी आत येत राहिलं तर खार पातळ होतो, आणि या सरोवरातली सगळी सूक्ष्म जीवसृष्टी त्या खारावरच जगते. घाटाखाली अगदी उलटी निकड आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराने घरंच्या घरं ग्रासली आहेत, आणि वान धरणातून 140 गावांना पाणी देण्याच्या योजनेकडे लोक डोळे लावून बसले आहेत. उघड्या आभाळाखालच्या या मुलखावर प्रेम करणाऱ्याने त्या नळांचा पाठपुरावा करावा, आणि लोणारच्या काठावर उतरणाऱ्या सांडपाण्याचाही.