कमांड सेटच्या पत्र्यातलं भोक

जुन्या रेडिओंच्या बाजारात बीसी-४५९ हा ट्रान्समीटर विकायला आला, की संग्राहक आधी त्याचा पुढचा पत्रा बघतो. तिथे हातानं पाडलेलं एखादं भोक दिसलं, तर हळहळत तो सेट बाजूला सरकवतो. त्याला कारखान्यातून निघाला तसा, कुणी हात न लावलेला सेट हवा असतो. मला मात्र ते भोकच मोलाचं वाटतं. तिथे कुणीतरी पाव इंची जॅक बसवला, त्यात मोर्स कीची पिन खोचली आणि विमानासाठी घडवलेलं ते यंत्र पहिल्यांदा एका घरातून बोललं.

बीसी-४५९सारख्या यंत्रांना कमांड सेट म्हणत. दुसऱ्या महायुद्धात बी-१७, बी-२४ अशा अमेरिकी बॉम्बफेकी विमानांत ते एससीआर-२७४-एन या नावानं बसवलेले असत. लांबच्या तळाशी बोलायला विमानात वेगळा, मोठा संच असे. कमांड सेटचं काम आसपासच्या विमानांशी बोलणं. प्रत्येक लहरपट्ट्यासाठी बुटांच्या खोक्याएवढा स्वतंत्र डबा, आणि असे रिसीव्हर नि ट्रान्समीटर रॅकमध्ये शेजारीशेजारी खोचलेले. मूळ आराखडा न्यू जर्सीतल्या बूनटन गावच्या एअरक्राफ्ट रेडिओ कॉर्पोरेशनचा. नौदलाच्या पुढच्या आवृत्तीचं नाव एआरसी-५. हॅम मंडळी साऱ्या घराण्यालाच त्या नावानं हाक मारतात.

हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन, निव्वळ हौसेनं बिनतारी संपर्क साधणारी माणसं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर १९४१मध्ये, अमेरिकेतल्या हॅमचं प्रक्षेपण बंद झालं. १९४५च्या उत्तरार्धापासून परवानगी टप्प्याटप्प्यानं परत मिळू लागली आणि त्याच सुमारास लष्कराचा शिलकी माल विक्रीला निघाला. न्यूयॉर्कच्या कोर्टलँड स्ट्रीटवरची 'रेडिओ रो', लंडनची लाइल स्ट्रीट, तिथली दुकानं या मालानं भरून गेली. सरकारनं मोठ्या खर्चानं बनवून घेतलेला सेट काही डॉलरांत मिळू लागला. चार वर्षं मुकाट बसलेल्या हॅमना आणखी काय हवं होतं?

पण घरी आणलेला सेट लगेच बोलायचा नाही. रिसीव्हरला पुढे स्टेशन लावायची खुंटीच नसे. वैमानिकाजवळच्या कंट्रोल बॉक्समधून एक लवचीक केबल यायची आणि डब्यातला खाचांचा दांडा दुरून फिरवायची. मागच्या बाजूला डायनामोटर, म्हणजे विमानाच्या २८ व्होल्टवर गरगरून २५० व्होल्ट तयार करणारं छोटं मोटर-जनित्र. घरात २८ व्होल्ट कुठले? म्हणून पहिलं काम डायनामोटर उतरवण्याचं. त्या मोकळ्या जागेत घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय बसवायचा.

मग तळाचा पत्रा काढायचा. रिसीव्हरमध्ये सहा व्हॉल्व्ह, त्यांचे फिलामेंट बारा व्होल्टचे. विमानातल्या २८ व्होल्टवर चालावेत म्हणून ते दोन-दोनच्या तीन जोड्यांत गुंफलेले. हाताशी बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर जोड्या सोडवून सगळे समांतर जोडायचे. चोवीसचा मिळाला, तर त्या तारांना हात न लावता भागायचं. शाळेच्या फळ्यावरची एकसर जोडणी आणि समांतर जोडणी पोरांना इथे सोल्डरच्या धुरात कळली. चूक झाली तर व्हॉल्व्ह जळायचा आणि धडा कायमचा पक्का व्हायचा.

या घराण्यातल्या बीसी-४५३ची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. हा रिसीव्हर १९० ते ५५० किलोहर्ट्झ ऐकायचा. त्यात तेव्हा हॅमचा एकही पट्टा नव्हता. पण त्या काळच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये आलेला सिग्नल ४५५ किलोहर्ट्झ या मधल्या कंप्रतेवर आणला जाई, आणि ४५५ तर बीसी-४५३च्या टप्प्यात येतं! मग पहिल्या रिसीव्हरमधून तो मधला सिग्नल काढून बीसी-४५३ला द्यायचा. तो त्याला आणखी खाली, ८५ किलोहर्ट्झवर आणी. इतक्या खालच्या कंप्रतेवर अरुंद चाळणी लावणं सोपं. शेजारच्या स्टेशनांचा कालवा गळून पडे आणि हवं ते मोर्स एकटं ऐकू येई. सिग्नलच्या स्पष्टतेला पाचपैकी गुण देण्याची हॅमची रीत आहे. म्हणून या डब्याचं लाडकं नाव पडलं 'क्यू-फायव्हर', पाचपैकी पाच मिळवून देणारा. मुख्यतः जमिनीवरचे दिशादर्शक संकेत ऐकण्यासाठी बनलेल्या डब्याला हे काम नेमून देणाऱ्या नजरेचं मला आजही अप्रूप वाटतं.

बीसी-४५९ ट्रान्समीटर ७ ते ९.१ मेगाहर्ट्झचा. हॅमचा लाडका चाळीस मीटरचा पट्टा त्याच्या सुरुवातीलाच येतो, त्यामुळे कॉइलला हात लावायची गरज नव्हती. एक १६२६ व्हॉल्व्ह कंप्रता घडवी, दोन १६२५ तिला ताकद देत. आत ८००० किलोहर्ट्झचा एक क्रिस्टल आणि हिरवा 'मॅजिक आय' व्हॉल्व्ह असे. डायल बरोबर आहे की नाही, हे त्या हिरव्या डोळ्याच्या उघडझापीवरून पडताळता येई. खोड एकच. दोन्ही टप्पे एकाच पॉवर सप्लायवर असले, तर मोर्स की दाबताच व्होल्टेज खाली जाई, कंप्रता सरके आणि मोर्सचा प्रत्येक ठिपका पाखरानं चिवचिव करावी तसा उमटे. १६२६ला स्थिर व्होल्टेज वेगळं दिलं, की ती चिवचिव थांबे. आपला सिग्नल कसा जातोय, हे दूरच्या अनोळखी हॅमनं सांगायचं आणि आपण रात्री पुन्हा डबा उघडायचा, असं हे शिक्षण चाले.

युद्धात भारतही या यंत्रांच्या वाटेवर होता. बंगाल आणि आसामातल्या धावपट्ट्यांवरून अमेरिकी विमानं उडत होती. खरगपूरला तर बी-२९ विमानांचा तळच होता. युद्धानंतर शिलकी लष्करी सामान आपल्याकडच्या बाजारांतही आलं. परदेशी तयार संच मागवणं पुढे अनेक वर्षं अवघड होतं, म्हणून मुंबईच्या हॅमचे पाय चोरबाजाराकडे आणि लॅमिंग्टन रोडकडे वळत. ८०७ हा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या होमब्रू, म्हणजे घरी जुळवलेल्या, ट्रान्समीटरचा कणा होता. कमांड सेटमधला १६२५ हा त्याचाच सख्खा भाऊ: फिलामेंट ६.३ ऐवजी १२.६ व्होल्टचा, पिना पाचाऐवजी सात. सॉकेट बदलायचं, फिलामेंटची सोय करायची, बाकी मंडल तेच. हाती येईल त्यातून काम भागवायची ही विद्या इथेही तितक्याच निष्ठेनं जोपासली गेली.

हात न लावलेले सेट जपणारे संग्राहक मोठं काम करतात; विमानात हे यंत्र नेमकं कसं होतं, ते त्यांच्यामुळेच आपल्याला कळतं. पण भोक पडलेला सेट म्हणजे मोडतोड, हे मला मान्य नाही. संधी मिळाली तर त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघा. पुष्कळदा कड गुळगुळीत लागते. ड्रिलनं उठलेली धार कुणीतरी कानशीनं घासून काढलेली असते, जॅकचा वॉशर पत्र्याला नीट टेकावा म्हणून. मोडतोड करणारा माणूस कानस हातात घेत नाही.