कोकेनची पहिली मात्रा आणि मेंदू

चेन्नई येथे १९८० साली शांती रंगनाथन यांनी व्यसनमुक्तीसाठी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. व्यसन हा दुर्गुण नसून रोग आहे, असे मानून तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतात. व्यसनास रोग का म्हणावे, हे कोकेनच्या उदाहरणाने स्पष्ट होते. कारण त्याची पहिली मात्राही मेंदूवर आपली खूण ठेवू शकते.

कोकेन हे दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांत असणारे द्रव्य होय. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी त्याने डोळा बधिर करता येतो, हे दाखविले आणि शस्त्रक्रियेस मोठे साहाय्य झाले. परंतु औषधाबरोबर व्यसनही पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई, कलकत्ता यांसारख्या शहरांत लोक विड्यातून कोकेन खात असत.

मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात. डोपामीन हा त्यांतील एक निरोप्या. भुकेल्यास अन्न मिळाले की काही पेशी डोपामीन सोडतात व काम होताच ते परत शोषून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडविते. नळ चालू असता मोरी तुंबावी, तसे डोपामीन साचत जाते. मग माणूस अखंड बोलू लागतो, त्याची भूक व झोप मावळते, आपणास काहीही अशक्य नाही असे त्यास वाटते. कोणास मात्र संशय व भीती घेरते. नाकाने ओढलेल्या कोकेनची धुंदी बहुधा अर्ध्या तासात ओसरते. मागे उरतात थकवा, उदासपणा आणि पुन्हा घेण्याची ओढ.

२००१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदरांना कोकेन एकदाच टोचले. डोपामीन सोडणाऱ्या पेशींवरील काही जोडण्या ५ दिवसांनंतरही बळावलेल्या आढळल्या. १० दिवसांनी तो फरक उरला नव्हता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि एकदा कोकेन घेणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. पण कोण होईल, हे आधी सांगता येत नाही.

हृदयाचा धोका तर पहिल्याच वेळी संभवतो. कोकेनने नाडी व रक्तदाब वाढतात आणि हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आकसतात. त्यामुळे धडधाकट तरुणासही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा वेळी छातीत दुखू लागल्यास लज्जेपोटी गोष्ट लपवू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे व डॉक्टरांस खरे ते सांगावे. त्या सत्यावर त्याचे प्राण अवलंबून असू शकतात.