गल्लीतली गिरणी नकाशावर

पुण्यात घर बदलले, त्याला तीन आठवडे झाले होते आणि दिवाळी तोंडावर आली होती. चकलीची भाजणी भाजून डब्यात तयार होती, पण गिरणी ठाऊक नव्हती. फोनवर 'गिरणी' असा शोध घेतला. अडीच किलोमीटरवरची एक सापडली, तिथे रिक्षाने जाऊन भाजणी दळून आणली. आठवड्याने भाजीवाल्या मावशींनी सांगितले, "अहो, तुमच्या इमारतीच्या मागच्याच गल्लीत गिरणी आहे की. तीस वर्षांची."

गेले तर खरेच होती. पीठ हाताला लागताच कळावे इतके चांगले दळणारे काका, दाराशी नंबराला लावलेले डबे आणि बाजूला मिरची कांडपाचे यंत्र. त्यांच्या गिरणीची नकाशावर नोंदही होती. कुणीतरी वाटसरूने कधीतरी ती करून ठेवलेली. नाव फक्त इंग्रजीत आणि तेही चुकीच्या स्पेलिंगचे. खूण मुख्य रस्त्यावर पडलेली. फोन नंबर केव्हाच बंद झालेल्या लँडलाइनचा. फोटो एकच, ओढलेल्या शटरचा. काकांना यातले काही माहीत नव्हते. "नवीन सोसायट्यांमधली माणसं येतच नाहीत," एवढेच ते म्हणाले.

हे चित्र फक्त गिरणीचे नाही. शिलाईकाम, सायकल दुरुस्ती, खानावळ, चपला शिवणारे, सगळ्यांच्या बाबतीत हेच दिसते. नव्या वस्तीतला माणूस शेजाऱ्याला विचारण्याआधी फोनला विचारतो. म्हणून नकाशावरची नोंद ही आता दुकानाची दुसरी पाटी झाली आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी पाटी बंधनकारक झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदतही दिली. दारावरची पाटी मराठीत आली. फोनमधली मात्र अनेकांनी अजून पाहिलेलीच नाही.

ही पाटी फुकट मिळते. 2014 मध्ये ती 'गूगल माय बिझनेस' या नावाने सुरू झाली, 2021 पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणून ओळखली जाते. कुणाचे दुकान वर दाखवायचे हे ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगलच सांगते: ग्राहकाने जे शोधले त्याच्याशी दुकानाचा मेळ, ग्राहकापासूनचे अंतर आणि दुकानाचा नावलौकिक. यातले अंतर छोट्या दुकानदाराच्या बाजूचे आहे. पिठाच्या मोठ्या कंपनीला जाहिरातीवर कितीही खर्च करता येईल, पण ती तुमच्या गल्लीत येऊन बसू शकत नाही. काकांची गिरणी शंभर पावलांवर होती आणि तरीही हरली, कारण उरलेल्या दोन गोष्टी रिकाम्या होत्या.

मेळ जुळतो तो शब्दांनी. आपल्याकडे एकाच कामाला चार नावे आहेत. कुणी 'गिरणी' शोधतो, कुणी 'आटा चक्की', कुणी 'फ्लोअर मिल'. तरुण मुले तर मराठी शब्दच रोमन अक्षरांत लिहितात. म्हणून काही जण नावातच सगळे शब्द कोंबतात. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद बंद पडू शकते. नाव पाटीवर आहे तेच असावे. मुख्य वर्ग नेमका निवडावा; त्याखेरीज आणखी नऊ वर्ग देता येतात. बाकीचे शब्द वर्णनात आणि सेवांच्या यादीत घालावेत: ज्वारी-बाजरीचे दळण, थालिपिठाची भाजणी, अनारशांचे ओले दळण, मिरची कांडप, हळद. "सर्व प्रकारचे दळण मिळेल" या वाक्याने कुणाचेच काम भागत नाही, कारण ग्राहक 'सर्व प्रकारचे' असे कधीच शोधत नाही.

वेळा लिहिताना दुपारची सुट्टी लपवू नये. सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन वेळा वेगळ्या नोंदवता येतात, सणाच्या दिवसाच्या वेळाही. भर उन्हात डबा घेऊन आलेल्या बाईला कुलूप दिसले, तर ती पुन्हा येत नाही.

पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे आहे ते नोंदीची किल्ली स्वतःकडे असणे. नोंद आधीच असेल तर नवी करू नये, तिच्यावरच मालकी सांगावी. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, यंत्र आणि आपण स्वतः कुलूप उघडतो आहोत हे दाखवावे लागते. भाच्याच्या किंवा एखाद्या एजंटाच्या ईमेलवर नोंद केली आणि पुढे तो माणूस दुरावला, तर वर्षानुवर्षे जमलेली ग्राहकांची परीक्षणेही त्याच्या हातात अडकतात. भाच्याची मदत जरूर घ्यावी, खाते मात्र आपलेच हवे. "गूगलमधून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा. नोंदीसाठी पैसे पडत नाहीत आणि त्या यादीतली वरची जागा पैसे देऊन मिळत नाही. जाहिरात निराळी, तिच्यावर तसे लिहिलेले असते.

घरून पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या बायकांनी एक लक्षात ठेवावे. ग्राहक घरी येत नसतील, तर पत्ता झाकून फक्त आपण कुठल्या भागांत डबे पोचवतो तेवढेच दाखवता येते.

आता नावलौकिक. पैसे किंवा सवलत देऊन परीक्षण लिहून घेणे नियमात बसत नाही, आणि खोट्या परीक्षणांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये स्वतंत्र मानकही आणले आहे. खरे परीक्षण मागण्यात मात्र काहीच संकोच नको. कुणी पीठ जाड आल्याची तक्रार लिहिली, तर वाद न घालता "पुढच्या वेळी समोर उभे राहून बारीक करून देऊ" असे उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा नंतर वाचणारे शंभर जण वाचतात.

काकांच्या नातीने आणि मी एका रविवारी बसून हे सगळे केले. खूण ओढून गल्लीत आणली, नाव देवनागरीत घातले, भाजणी पडताना फोटो काढला. दोन तास लागले. पडताळणीला आणखी काही दिवस गेले.

तुमचीही अशी एखादी गिरणी असेल. या दिवाळीला भाजणी मनासारखी दळून मिळाली, तर तिच्या नावाखाली मराठीत दोन ओळी लिहा, आणि त्यात 'भाजणी' हा शब्द अवश्य लिहा. पुढचा माणूस तोच शब्द शोधत असतो.